सात नंबरचा खड्डा

मे महिन्यात धरणाचं पाणी मागे सरतं आणि आमच्या गावासमोर बुडालेली जमीन वर येते. राखाडी, भेगाळलेली, गाळाने लिंपलेली. हिवाळाभर विजेसाठी पाणी खाली सोडलेलं असतं, डोंगरावरचा बर्फ अजून पुरता वितळलेला नसतो, आणि या दोहोंच्या मधले जेमतेम पाच आठवडे उलुग-खेम नदी आपल्या जुन्या पात्रात जाऊन बसते. वारा सुटला की गाळाची धूळ गावभर फिरते. बायका दोरीवरचे कपडे घाईने आत घेतात आणि एकमेकींना सांगतात, दोल्गरने चाळण काढली असेल.

तिने ती काढलेलीच असायची. उत्खननाचे ट्रक येण्याच्या दोन दिवस आधीच ती उतारावरून खाली जायची. अंगात गुडघ्यापर्यंतचा निळा कोट, डोक्याला रुमाल, काखेत लाकडी कडेची पितळी जाळीची चाळण. दुसऱ्या हातातल्या पिशवीत खाऱ्या चहाचा थर्मास आणि नऊ खळग्यांचा लाकडी चमचा. ओल्या गाळाच्या कडेला उभी राहून ती चमच्याने चहा शिंपडायची, आधी वर, मग नदीकडे, मग पायाखाली. पायाखाली शिंपडताना ती जरा जास्त वेळ घ्यायची.

त्या जमिनीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी आहेत. दगडी फरश्यांच्या पेट्या, कमरपट्ट्यांची काशाची बकलं, मणी. पाणी दरवर्षी त्यातलं थोडंथोडं धुऊन नेतं, म्हणून पुरातत्त्वाच्या वेरा ल्वोव्ना दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन येतात आणि पाण्याच्या आधी जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवतात. मी त्यांच्याकडे सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढते. फोटो असतातच. पण फोटोत सावली कोणती आणि ओरखडा कोणता हे कळत नाही. हाताने रेघ ओढायची तर ते ठरवावं लागतं.

दोल्गर तिथे माती चाळायची. अकरा वर्षं. पहिल्या वर्षी ती नुसती बघायला आली होती. विद्यार्थी टांगलेल्या लोखंडी चाळण्यांतून माती गाळत होते. तिने थोडा वेळ पाहिलं आणि वेरा ल्वोव्नांना म्हणाली, "बाई, ही चाळण नाही, खिडकी आहे. हिच्यातून कुत्रं जाईल."

"मग तुमची आणा," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं विषय संपला.

ती घरी जाऊन आपली चाळण घेऊन आली. गावच्या बेकरीत एकोणतीस वर्षं पीठ चाळलं होतं तिने. बेकरी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी पत्रे नेले, लाकूड नेलं, हिने चाळण नेली. त्या दिवशी टाकून दिलेल्या मातीच्या ढिगातून तिने संध्याकाळपर्यंत मोहरीएवढे सदतीस निळे मणी काढून दिले. तेव्हापासून मोठी चाळण विद्यार्थ्यांची आणि बारीक चाळण दोल्गरची, असं ठरून गेलं. नव्या पोरांना ती सांगायची, "पिठात अळी दिसते ना, मग मणी काय अवघड आहे? अळी पळते तरी. मणी बिचारा बसून असतो."

तिला त्या कामाची हौस आहे असं सगळे समजायचे. होतीच. नवरा ट्रॅक्टरवर होता, तो जाऊन पंधरा वर्षं झाली. मुलगा आणि मुलगी आपापल्या घरी सुखात. घरी एक गाय आणि भिंतीला टेकलेली सायकल. ती तक्रार करणारी बाई नव्हती. पण मे महिन्यात खाली उतरण्याचं तिचं कारण वेगळं होतं, आणि ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. कळलं ते कोटांवरून.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची वार लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून, सोबत भाजलेली वरी घालून, जन्माच्या जागीच पुरतात. ती जागा त्या माणसाची. मोठेपणी माणूस कुठेही गेला तरी परत आला की तिथे जातो, कोट काढून ठेवतो, जमिनीवर पडतो आणि लोळतो. या कुशीवरून त्या कुशीवर, तीनदा. मग कपडे झटकून उठतो आणि बरं वाटतं. आमच्या आईवडिलांच्या तरुणपणी हे सगळं अडाणीपणाचं मानलं जायचं, कुणी उघड करत नसे. पुढे दिवस बदलले आणि म्हातारी होत चाललेली माणसं पुन्हा आपापल्या जागा शोधत डोंगरात जायला लागली.

दोल्गर धरून भावंडं पाच. चौघं वरच्या खोऱ्यात, हिवाळ्याच्या तळावर जन्मलेली, एकाच तंबूच्या वर्तुळात, चार हातांच्या आत. दर वसंतात ती सगळी जीप करून वर जायची. चौघं ओळीने लोळायची. पाचवी, सगळ्यांत धाकटी दोल्गर, बाजूला उभी राहून चौघांचे कोट सांभाळायची.

"एक कोट उजव्या हातावर, दोन डाव्या, आणि केझिकदादाचा खांद्यावर," तिने मला सांगितलं होतं. "त्याचा मेंढीच्या कातड्याचा होता. जड. ही सगळी हसत, धूळ झटकत उठायची आणि एकेक जण माझ्या हातातून आपापला कोट घेऊन जायचं. शेवटी माझे हात रिकामे. तेव्हा मला काय करावं कळायचं नाही, म्हणून मी चहा ओतायला लागायचे."

तिचा जन्म वाटेवर झाला होता. हिवाळ्याचा तळ उठवून वसंताच्या कुरणाकडे निघालेले असताना नदीकाठच्या सपाटीवर आईला कळा सुरू झाल्या. अर्धाच तंबू उभारला. दोन रात्री राहिले आणि पुढे गेले. दोल्गर चार वर्षांची असताना आई गेली. वडील असल्या विषयावर बोलणारे नव्हते. ती शिकली, बेकरीत लागली, तरुण होती तेव्हा तिला कधी विचारावंसं वाटलं नाही. वाटायला लागलं तोवर सपाटीवर धरणाचं तीस हात पाणी होतं.

ती जागा पाहिलेलं माणूस म्हणून आता एकच उरलं होतं, तिचा भाऊ एरेस. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. थोरला केझिक गेल्या हिवाळ्यात गेला. मधल्या दोघी बहिणी त्याच्याही आधी. तसेही ते तिघं तेव्हा कळपासोबत पुढे गेलेले होते. एरेसला ती दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी तो वेगळं सांगायचा.

"ओढ्याच्या पलीकडे. तीन पॉपलर होते तिथे."

"मागच्या वर्षी अलीकडे म्हणाला होतास, दादा."

"मग अलीकडे असेल. मी काय मोजपट्टी घेऊन फिरत होतो?"

"नऊ वर्षांचा होतास. हरवलेल्या बैलाची जागा सांगतोस, माझी सांगता येत नाही?"

"बैल मोठा असतो," एरेस म्हणायचा.

म्हणून ती चाळत होती. तिने मोठ्या थडग्यांत कधी रस घेतला नाही. चाळणीत जळका कोळसा आला, नमद्याचा तुकडा आला, की तिचा हात थांबायचा. मग ती तो बाईंकडे द्यायची आणि पुढची बादली घ्यायची. एवढ्या मोठ्या सपाटीवर दोन रात्रींचा मुक्काम सापडायचा नाही हे तिलाही कळत होतं. "पण बसून तरी जवळपास असते," ती म्हणायची.

या वर्षी घाई होती. एक तर उन्हाळा लवकर आला. जूनच्या पहिल्याच आठवड्यात पाण्याची रेघ रोज चार-पाच पावलं वर सरकायला लागली. आणि दुसरं, एरेसला त्याची मुलगी डोंगरापलीकडे अबाकान शहरात नेणार होती, कायमचं. गुडघे गेले होते, एकट्याने राहणं जमत नव्हतं. महिनाअखेर निघायचं ठरलं. जाण्याआधी एकदा खाली येऊन, जमिनीवर उभं राहून नीट सांग, एवढंच दोल्गरने मागितलं होतं. तो टाळत होता. कधी पाठ धरली, कधी वारा फार.

त्याच आठवड्यात सात नंबरचा खड्डा सापडला.

थडग्यांच्या ओळीच्या टोकाला, सगळ्यांत खालच्या बाजूला एक सपाट फरशी लागली, इतर थडग्यांना वापरलीय तसलीच. ती उचलली तर खाली हातभर खोलीचा गोल खड्डा. माणसाचं हाड नाही. काळा पडलेला नमद्याचा गोळा आणि त्याच्याभोवती गुळगुळीत पांढरे खडे. वेरा ल्वोव्नांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः कुंचला घेऊन पालथ्या पडल्या. माती थेट दोल्गरच्या चाळणीवर गेली. तो शनिवार होता. तिने ती दोनदा चाळली. पहिल्यांदा वरीचे अकरा दाणे निघाले, काळे, कोळशासारखे. दुसऱ्यांदा मेंढीच्या घोट्याचं एक हाड.

"हाड आहे, बाई," ती ओरडली, "लाल आहे."

घोट्याची हाडं या मातीत नवी नाहीत. हजारो वर्षं पोरं त्यांनी खेळत आली आहेत आणि मोठ्यांनी ती मेलेल्यांसोबत पुरली आहेत. पण लाल रंगवलेलं, वर खाचा पाडलेलं, असं एकट्याने ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बाईंनी ते तळहातावर तोललं आणि पुन्हा तोललं. रात्रीच्या जेवणात त्यांनी दोनदा मटणाचा रस्सा मागून घेतला, त्यावरून त्या खूश आहेत हे आम्हाला कळलं. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'खड्डा क्र. ७. नैवेद्याचा खड्डा. थडग्यांच्या काळातला.' शरद ऋतूतल्या मोठ्या सभेत याच खड्ड्यावर बोलायचं असं त्यांनी मनात धरलं. असलं काही तिथे याआधी मिळालं नव्हतं.

चित्र काढायला ते हाड माझ्याकडे आलं. वरून, बाजूने, खालून. वरच्या अंगाला तीन खाचा होत्या. दोन सरळ, ठाम. तिसरी मध्येच घसरून कडेपर्यंत गेलेली. ती खाच की नंतरची चीर, हे ठरवण्यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी मी खाच ठरवली. ज्याने कोरली त्याचा हात सटकला असणार.

मंगळवारी एरेस आला. मुलीने दमच दिला असावा. शेजाऱ्याच्या गाडीतून उतरला, काठी टेकत माझ्या टेबलापर्यंत पोचला आणि बाकावर बसून म्हणाला, "चहा दे पोरी. इथून पुढे मी एक पाऊल टाकणार नाही. तिला म्हणावं, जागा इथे चालत येईल तर दाखवतो."

लांबून दोल्गरचा आवाज आला. "ऐकतेय मी."

"ऐक. कान तरी शाबूत आहेत."

मी चहा ओतला, बशीत तळलेल्या पिठाचे गोळे ठेवले. त्याने एक उचलला, चहात बुडवला आणि तोंडाकडे नेता नेता त्याची नजर माझ्या कागदावर गेली. गोळा चहात पडला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताची तर्जनी सरळ केली आणि कागदावर, त्या तिसऱ्या खाचेच्या शेजारी ठेवली. बोटाच्या पेरावर एक जुना पांढरा व्रण होता. खाचेसारखाच, तिरका.

"हे कुठे सापडलं?"

"सातव्या खड्ड्यात. तिकडे खाली, आजोबा."

"वर फरशी होती?"

"होती."

"वरी होती का आत?"

"अकरा दाणे."

"मूठभर टाकली होती," तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. "दोल्गर," त्याने हाक मारली. आवाज काही मोठा नव्हता, पण तिने हात थांबवून पाहिलं. "इकडे ये. चाळण ठेव खाली."

"अर्धी बादली राहिलीय."

"राहू दे बये. ये."

ती कोटाला हात पुसत आली. बाईही आल्या, कारण एरेसचा चेहरा पाहून त्यांना तो आजारी पडला असं वाटलं.

"वडिलांनी मला घोडे धरून लांब उभं केलं होतं," एरेस म्हणाला. तो बोलत होता दोल्गरशी, पण पाहत होता टेबलाकडे. "पोरग्यांनी त्या जागी जायचं नसतं. पण मला दिसत होतं. त्यांनी खड्डा केला, नमदा ठेवला, वर ठेवायला दगड मिळेना. तळावरची कुत्री मोकाट होती, उकरली असती. मग ते त्या उभ्या दगडांच्या ओळीकडे गेले आणि तिथली एक फरशी उचलून आणली. जुन्या लोकांचे दगड आपण हलवत नाही, मी मोठ्याने म्हणालो तसं. ते म्हणाले, जुन्या लोकांनाही पोरं होत होतीच की. आणि नदीवर हात धुवायला गेले."

"मग?"

"मग मी गेलो. फरशीचं टोक उचललं आणि माझा खेळायचा घोटा आत सरकवला."

"का?" दोल्गरने विचारलं.

"आई तंबूत म्हणत होती की मुलगी झाली. मला वाटलं तिच्याकडे खेळायला काही नाही."

वाऱ्याने माझा कागद उडायला लागला तेव्हा बाईंनी त्यावर हात ठेवला.

"साधा घोटा नव्हता तो," एरेस पुढे म्हणाला. "नेमाचा होता. पोटात शिसं भरलेला, लांबवर सरळ जायला. ते शिसं वडिलांनी बंदुकीच्या गोळ्या ओतायला ठेवलेलं. मी त्यातलं चोरलं होतं. पुढच्या मुक्कामाला त्यांना शिसं कमी भरलं आणि त्यांनी केझिकला धरलं. मोठा तो होता ना. मी बाजूला उभा राहून पाहिलं."

वेरा ल्वोव्ना हळूच उठल्या आणि तंबूत जाऊन पिशवी घेऊन आल्या. हाड उलटं केलं. खालच्या खळग्यात मातीने भरलेला एक गोल ठिपका होता. मी त्याला नुसता डाग म्हणून काढलं होतं. त्यांनी टाचणीने माती टोकरली. खाली मंद राखाडी चकाकलं.

"मला वजन जास्त वाटलं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तरी लिहिलं नाही."

दोल्गर मात्र वेगळाच हिशोब लावत होती. "म्हणजे शनिवारी चाळली ती," ती म्हणाली.

"काय?"

"माती. माझी. दोनदा चाळली मी." तिने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग भावाकडे वळली, आणि तेव्हा तिचा आवाज चढला. "अकरा वर्षं, दादा. अकरा वर्षं मी चिखलात बसले आणि तू वर बाकावर बसून मला सांगत होतास, ओढ्याच्या पलीकडे."

"पलीकडे म्हटलं म्हणजे तू अलीकडे उकरणार नाहीस."

"आणि अलीकडे म्हणालास तेव्हा?"

"तेव्हा विसरलो होतो मागच्या वर्षी काय सांगितलं ते."

"पण का रे?"

"तुला घोटा सापडला असता. तू तो केझिकला दाखवला असतास. त्याने खाचा ओळखल्या असत्या." एरेसने चहातला फुगलेला गोळा चमच्याने काढून बशीत ठेवला. "इतकी वर्षं त्याच्या शेजारी लोळलो मी. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. तो कोट घालून हसत हसत जीपमध्ये जाऊन बसायचा. आता तो नाही, म्हणून बोलतोय. यात काही मर्दुमकी नाही."

दोल्गर त्याच्याजवळ बाकावर बसली. थोड्या वेळाने तिने त्याच्या बशीतला तो भिजलेला गोळा उचलून खाल्ला. "केझिकदादाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ते शिसं तूच घेतलंस. तो मला म्हणायचा, एरेसचा नेम एका वसंतात अचानक बिघडला आणि पुन्हा सुधारला नाही. आणि हसायचा. मला वाटायचं तुझी टिंगल करतोय."

एरेसने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. आम्ही सगळ्यांनी नदीकडे पाहिलं.

बाईंना मी नेहमी ताठ पाहिलेलं होतं. त्या दिवशी त्या नोंदवही उघडून नुसत्याच बसल्या होत्या. सभेतलं भाषण गेलं, हंगामातली सगळ्यांत चांगली वस्तू गेली. मग त्यांनी लाल पेन्सिलीने ओळीवर रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

"दहा-अकरा वर्षांत मी इथे एकशे चाळीस माणसं बाहेर काढली," त्या आमच्या भाषेत अडखळत म्हणाल्या. "एकाचंही नाव कळलं नाही. आज पहिल्यांदा कळलं, तर ती बाई समोर बसून फराळ करतेय."

"रागावलात का, बाई?" दोल्गरने विचारलं.

"नाही. फरशी जुनीच आहे, तेवढी माझी. बाकी तुमचं." त्यांनी पेन्सिल फिरवली. "खरं काय ते लिहू का? नावासकट?"

"लिहा की. आणि हेही लिहा की चाळण माझीच होती. तुमच्या खिडकीतून ते दाणे कधीच गेले असते."

बाईंनी तेही लिहिलं. मी शेजारी बसून पाहिलं.

लगेच खड्डा बुजवणं दोल्गरला नको होतं. रिकाम्या हाताने कसं करायचं, ती म्हणाली. ती घरी गेली. एरेसचा जीव मात्र पाण्याकडे. दुपारभर तो काठी रोवून रेघ कुठवर आली ते बघत होता. खड्डा सगळ्यांत खाली होता. संध्याकाळी पाणी त्याच्यापासून अकरा पावलांवर होतं.

सकाळी ते सहा पावलांवर आलेलं होतं. गाळाच्या भेगांतून ते पुढे पुढे झिरपत होतं, आवाज न करता. दोल्गर नव्या पांढऱ्या नमद्याचा तुकडा, मूठभर ताजी भाजलेली वरी आणि गायीचं सकाळचं दूध घेऊन उतरली. जुना काळा नमदा तिने नव्यात गुंडाळला. अकरा दाणे बाईंनी चिमट्याने एकेक करून दिले. पांढरे खडे विद्यार्थ्यांनी मोजून ठेवले होते, नकाशात होते तसेच ते पुन्हा लावले. फरशी बाईंची होती. त्या म्हणाल्या, ती राहू दे इथेच, चित्र आहे आपल्याकडे. माती चाळलेली, मऊ, पिठासारखी. दोल्गरने ती हातांनीच लोटली आणि वरून बेकरीत पिठाची पाटी थोपटावी तशी थोपटली. मग दूध शिंपडलं. वर, नदीकडे, पायाखाली.

"घोटा?" एरेसने विचारलं. "तो टाकलाच नाहीस."

"तो मला खेळायला दिलाय ना? मग तो का पुरू? सदुसष्ट वर्षं खेळले नाही मी."

"तुला नेम कुठे धरता येतो?"

"शिकव जायच्या आधी."

मग ती उभी राहिली आणि कोटाची बटणं काढायला लागली. पाच बटणं, तिने सावकाश काढली. कोट हातात घेऊन ती इकडेतिकडे बघायला लागली. ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे ओला गाळ. मी पुढे होणार इतक्यात एरेस काठी टेकत आला आणि त्याने हात पुढे केला.

"आण इकडे."

"उलटा धरू नकोस. खिशातून पडेल सगळं."

"धरतो. तू पड आधी. पाणी थांबणार नाही तुझ्यासाठी."

ती गुडघ्यांवर बसली, मग हातांवर, मग कुशीवर. डोकं उगवतीकडे. क्षणभर तशीच पडून राहिली, गाल मातीला लावून. मग लोळली. या कुशीवरून त्या कुशीवर, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती पाठीवर आली आणि तिथेच थांबली, आणि तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती.

"काय झालं?" एरेसने विचारलं.

"उठता येत नाहीये."

दोन विद्यार्थ्यांनी तिला धरून उठवलं. पाठीला, केसांना, रुमालाला राखाडी माती. बाई झटकायला पुढे झाल्या तर तिने हात वर करून थांबवलं. राहू दे म्हणाली. मग ती सवयीने थर्मासकडे वळली, चहा ओतायला, आणि मध्येच थांबली. तो मी आधीच ओतलेला होता. तिने वाटी हातात घेतली आणि सगळ्यांमध्ये उभी राहून प्यायली.

एरेस तिच्या मागे कोट धरून उभा होता. कसा धरायचा हे त्याला कळत नव्हतं. आधी हातावर, मग खांद्यावर, शेवटी छातीशी. घोट्याची बाजू जड होऊन खाली ओढत होती. त्याने खिशात हात घातला नाही. तिची वाटी रिकामी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग त्याने कोट उघडून धरला, तिने हात घालावेत म्हणून.